पाचव्या सेमिस्टरचं स्पष्टीकरण

अर्ज ऑनलाइन होता आणि त्याच्या शेवटी एक रिकामा चौकोन होता. तुमच्या गुणांवर परिणाम करणारी काही परिस्थिती असल्यास इथे स्पष्ट करा, असं त्याच्यावर लिहिलेलं. मर्यादा अडीचशे शब्दांची. बाकीचा सगळा अर्ज मी एका बैठकीत भरून टाकला. त्या चौकोनाने मात्र मला शेवटची तारीख तोंडावर येईपर्यंत बसवून ठेवलं.

माझ्या गुणपत्रिका बघितल्या तर कुणालाही प्रश्न पडेल. हिंगोलीच्या कॉलेजात मी बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं. पहिली तीन सेमिस्टर वर्गातल्या वरच्या दोघी-तिघींत होते. चौथ्याला घसरले. पाचव्याला तर तोंडावर आपटले, आणि सहाव्याला पुन्हा उठून बसले. त्यानंतर वसमतला रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये नोकरी धरली, तिथे काही वर्षं काढली आणि आता परराज्यातल्या एका संस्थेत एमएस्सीसाठी अर्ज करत होते. विषय विषाणूशास्त्र. आमच्याकडे मुलगी लॅबमध्ये चिकटली की तिच्यासाठी स्थळं बघायची, हा पुढचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. मला त्यातून सुटायचं होतं, हे काही खोटं नाही. पण विषय मी सुटण्यासाठी निवडला नव्हता.

पहिला मसुदा लगेच लिहून झाला. चौथ्या सेमिस्टरमध्ये मला कावीळ झाली, बरेच दिवस अंथरुणावर होते, दोन पेपर बुडाले. तो मी कॉलेजातल्या मॅडमना पाठवला. मॅडम निवृत्तीला आलेल्या. अर्जबिर्ज लिहायचा म्हटला की गावोगावची पोरं त्यांच्याकडेच जातात, आणि गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"चौथ्याचं कळलं. पाचव्याचं काय? तोवर तू ठणठणीत झाली होतीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि पाचव्यात सगळ्यात कमी मार्क विषाणूशास्त्रात आहेत. प्रवेश त्याच विषयाला मागतेस. मी त्या कमिटीत असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. खरं काय ते लिही, नाहीतर चौकोन मोकळा सोड. अर्धवट लिहिलेलं सगळ्यात वाईट दिसतं."

खरं काय ते मॅडमना माहीत नव्हतं. आमच्या घराबाहेर कुणालाच नव्हतं. आणि घरातही ते कुणी तोंडातून काढत नव्हतं.

आमचं गाव कुरुंद्याजवळ. त्या पट्ट्यात हळद म्हणजे सगळं. होळीच्या आगेमागे हळद काढून, शिजवून वाळत घातली की पुढे बरेच दिवस गावाला दुसरा रंगच उरत नाही. हात पिवळे, नखं पिवळी, उशीचे अभ्रे पिवळे. आंघोळीचं पाणी पिवळं वाहतं. वाळलेली हळद घासणारा पॉलिशचा ड्रम फिरायला लागला की त्याची धूळ पापण्यांवर बसते. त्या दिवसांत लग्नाला परगावी गेलं की लोक हात बघूनच विचारतात, हळदीचं गाव का? आणि आम्हाला त्याचा थोडा तोराही असतो.

वहिनी सेनगावकडची. तिकडे सोयाबीन, कापूस, तूर. हळद तिने फक्त मिसळणाच्या डब्यात बघितलेली. लग्न होऊन आली त्या पहिल्या हंगामात साबण लावून लावून तिने हाताची सालं काढली.

"हे निघून काहून न्हाई राहिलं ताई?" ती मला विचारायची. मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण नणंद, म्हणून ताई.

"निघत न्हाई वैनी. जुनं निघस्तोवर नवा हंगाम येतो."

"म्हंजे जलमभर असंच पिवळं ऱ्हायचं का?"

यावर आम्ही दोघी किती हसलो होतो.

बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते आणि हे ती मला अधूनमधून ऐकवत असे. पुढे शिकायचं राहून गेलं, त्याबद्दल मात्र कधी बोलली नाही. मी शनिवारी हिंगोलीहून आले की माझं प्रॅक्टिकलचं जर्नल पुढे ओढून घ्यायची. माझा चित्रकलेत आनंदच होता. जर्नलमधल्या निम्म्याअधिक आकृत्या तिने काढलेल्या आहेत. रंगीत पेन्सिलीला टोक काढून, जीभ दातात धरून. काढून झालं की नाव विचारायची, आणि नाव ऐकलं की म्हणायची, "एवढासा जीव अन् नाव केवढं." त्या जर्नलला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. सरांनी वर्गात दाखवलं. मी ते घरी सांगितलं तेव्हा दिवसभर घरात तिचीच मिजास.

माझ्या चौथ्या सेमिस्टरला वहिनीला दिवस होते. सातवा लागला आणि हळदीचा हंगामही ऐन भरात आला. त्याच सुमारास हिंगोलीच्या खोलीवर मला जेवण जाईना. जिना चढताना पाय गळून जायचे. एका सकाळी माझी खोलीतली मैत्रीण वेणी घालता घालता थांबली आणि म्हणाली, तुझे डोळे बघ आरशात. हिंगोलीच्या त्या खोलीत हळद नव्हती, म्हणून तिला ते दिसलं. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, कावीळ निघाली. पाण्यातून झालीय, औषधापेक्षा विश्रांती महत्त्वाची, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दादा येऊन मला गावी घेऊन गेला.

घरी माझी बडदास्त सुरू झाली. एका खोलीत खाट टाकून दिली. उसाचा रस, ताक, मऊ भात. बिनतेलाचं, बिनहळदीचं वरण. हळदीवर जगणाऱ्या घरात हळदीशिवाय शिजलेलं ते पांढरट वरण वहिनीच आणून द्यायची आणि म्हणायची, "घ्या, तुमच्यासाठी सेनगावचा सैपाक." आत्याने कुठूनसा कावीळ उतरवणारा एक म्हातारा बोलावला. त्याने माझ्या हाताला चुन्याचं पाणी चोळलं. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली, असा त्याचा हिशेब. पण घरी आल्यापासून इथल्या चादरी-उशांनी माझे हात रंगलेलेच होते. हळदीला चुना लागला आणि परातीतलं पाणी लालभडक झालं. म्हातारा परात बाजूला सारून म्हणाला, "या गावात माझा विलाज चालत न्हाई." वहिनी पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. अंगणातून तिचं हसू ऐकू येत होतं.

आई मला रोज सकाळी हाताला धरून दारात आणायची. उन्हाकडे तोंड करून उभं करायची, बोटाने पापणी खाली ओढायची. "आज जरा कमी हाय," म्हणायची, किंवा काही न बोलता आत घेऊन जायची. अप्पा शेतावरून आले की पहिलं विचारायचे, डोळे कसे आहेत. दादासुद्धा, ज्याला माझा वाढदिवस कधी आठवत नाही, तो येता-जाता वाकून डोळ्यांत बघून जायचा.

वहिनीला जेवण जात नव्हतं. दिवस गेलेत, असं होतंच. थकवा होता. हंगाम होता, घरात माणसं कामाला होती, सातवा महिना होता; थकणारच. उलट्या व्हायच्या. त्याही व्हायच्याच. अंग पिवळं दिसत होतं. पण अंग सगळ्यांचंच पिवळं होतं. डोहाळजेवणाला बायकांनी तिच्या गालाला, हातापायाला आणखी हळद लावली. हिरवी साडी, गजरे, ओटीत पाच फळं. आत्या म्हणाली, "रंग कसा उजळलाय बघा पोरीचा. तेज आलंय." सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांना ते तेज दिसलं. मलाही दिसलं. मी खाटेवरून उठून दाराशी येऊन बसले होते, आणि मला ती फार सुंदर वाटली होती.

प्रत्येक खुणेला घरात आधीच एक उत्तर तयार होतं. आजाराला शिरायला जागाच नव्हती, असं वाटावं इतकी उत्तरं.

पुढच्या आठवड्यात ती एका सकाळी असंबद्ध बोलायला लागली. मला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. वसमतला नेलं, तिथून तसंच नांदेडला. नांदेडच्या दवाखान्यात नर्सने ओल्या कापसाने तिचा चेहरा पुसला. हळद निघाली आणि पिवळं तसंच राहिलं. हे मला दादाने पुढे एकदाच सांगितलं. बाळ वेळेआधी झालं आणि गेलं. दोन दिवसांनी वहिनी गेली. डॉक्टर दादाला म्हणाले, तुमच्या बहिणीला झाला तोच आजार. एकाच पाण्याचा असणार. बाकीच्यांना तो सोडून देतो, पोटुशीला नाही सोडत. आधी आणायला हवं होतं.

मी तोवर बरी झाले होते.

घरी बायका बसायला यायला लागल्या, आणि आई पहिल्या दिवसापासून एकच वाक्य सांगायला लागली: बाळंतपणात गेली. ते खोटंही नव्हतं. लोक मान हलवायचे, बाळंतपणात बायका जातात, त्यात कुणाला काही विचारायचं राहत नाही. कावीळ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता. घरात एक कावीळ झालेली पोरगी असताना दुसरीची कशी दिसली नाही? तो प्रश्न आमच्यापैकी कुणालाच झेपला नसता. म्हणून सगळ्यांनी आईचं वाक्य उचललं. वहिनीच्या माहेरच्यांनाही तेच सांगितलं. दादाने तर बोलणंच कमी केलं.

चौथ्या सेमिस्टरची परीक्षा मी अशक्तपणातच अर्धीमुर्धी दिली. जूनमध्ये परत हिंगोलीला गेले. तब्येत ठणठणीत, मॅडम म्हणाल्या तशी. आणि पाचव्या सेमिस्टरला विषाणूशास्त्राच्या पुस्तकात तो आजार समोर आला. आपला म्हणजे आमच्या घरातला. कसा पसरतो, कुठल्या पाण्यातून, पोटुशी बाईला का झेपत नाही, सगळं तीन पानांत नीट लिहिलेलं. मी ती पानं इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. ती पाठ व्हायला मला काही महिने उशीर झाला होता. परीक्षेत त्याच विषाणूवर टीप लिहा असा प्रश्न आला. माझ्या वर्गात मला जेवढं येत होतं तेवढं कुणालाच येत नव्हतं. मी नुसता प्रश्नाचा क्रमांक घातला आणि पुढे काही लिहू शकले नाही. पुढचे प्रश्नही राहिले. शेजारची पोरगी पुरवणी मागत होती आणि मी कोऱ्या पानाकडे बघत होते. उरलेल्या पेपरांचं वेगळं सांगायला नको.

मॅडमच्या फोननंतर मी दुसरा मसुदा लिहायला घेतला. आधी इंटरनेटवर नमुने बघितले. असे शेकड्याने नमुने आहेत, आणि सगळ्यांचा शेवट एकच: त्या कठीण काळातून मी खूप काही शिकलो, मी अधिक कणखर झालो. ते वाचून माझं डोकंच फिरलं. वहिनी मेली आणि मी कणखर झाले, असं लिहायचं? तिच्या मरणाचा माझ्या प्रवेशाला उपयोग करायचा आणि वर त्यातून माझी प्रगती दाखवायची? दोन दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. मग उघडला, कारण शेवटची तारीख जवळ आली होती, आणि जायचं तर मला होतंच. इतकी वर्षं मनात धरलेलं एकच काम होतं ते.

दुसऱ्या मसुद्यात मी दोन्ही आजार लिहिले. माझा आणि तिचा. परीक्षेत कोरं राहिलेलं पान लिहिलं. कणखरबिणखर काही लिहिलं नाही. पण पाठवायचं बटण दाबवेना. त्याच दिवसांत दादासाठी कळमनुरीकडचं एक स्थळ आलं होतं. इतक्या वर्षांनी तो कसाबसा हो म्हणाला होता. ती माणसं घर बघायला यायची होती, आणि पहिली कशी गेली हे विचारणारच होती. आई त्यांनाही तेच सांगणार होती. आणि मी इकडे परराज्यातल्या परक्या माणसांना दुसरंच सांगत होते. हे तिच्यापासून लपवून करावं असं मला वाटेना. रविवारी गावी गेले. आई ओसरीवर सुपात तूर निवडत होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, माय, एक वाचून दाखवते.

इंग्रजीतलं वाक्य वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं, असं चाललं. माझी कावीळ झाली तोवर ती मान हलवत होती.

"'त्याच काळात घरातील एका व्यक्तीचा त्याच आजाराने मृत्यू झाला,'" मी वाचलं.

आईचा हात सुपात थांबला. "एका व्यक्तीचा म्हंजी कुणाचा?"

"वैनीचा."

"मग तसं लिही की. एक व्यक्ती काय? शेजारपाजारची हुती का ती?"

"माय, मी कावीळ लिहिलंय. बाळंतपण न्हाई लिहिलं."

मला वाटलं, चिडेल. किंवा दादाच्या सोयरिकीचं काढेल. तिने सूप बाजूला ठेवलं.

"काविळीनंच गेली," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "रोज सकाळी तुला दारात धरून डोळे बघत हुते मी. ती तुझा रस घेऊन मागंच उभी ऱ्हायची. नुसती मान वळवली असती तर दिसलं असतं मला." हातावरची धूळ झटकून म्हणाली, "मान न्हाई वळवली मी. लेक हुती तिकडं बघितलं, सून हुती तिकडं न्हाई बघितलं. ह्येबी लिही."

"हे कशाला लिहायचं? ते माझे मार्क विचारून राहिले, माय."

"तुला काहून लिहिता आलं न्हाई पेपरात, ह्येच इचारतेत ना? मग त्यांना सांग. आमच्या घरात तिच्याकडं कुणी बघितलं न्हाई म्हणून." पदराने तिने डोळे पुसले नाहीत. मग म्हणाली, "कळमनुरीवाल्यांनाबी मीच सांगन. दुसऱ्याची लेक आणायची तर सांगूनच आणू."

मी रडले. आई नाही रडली. तिने सूप पुन्हा ओढून घेतलं.

वसमतला खोलीवर परत आल्यावर मी आईचं वाक्य इंग्रजीत घातलं. आमच्या घरी तो हळदीचा हंगाम होता, सगळेच पिवळे होते; माझ्या वहिनीकडे कुणी निरखून पाहिलं नाही. अडीचशे शब्द ओलांडले. संस्थेचं यंत्र अडीचशेच्या पुढे एक अक्षर घेत नव्हतं. मी काय काय काढता येईल ते बघत बसले. हंगाम काढला तर ते कसं दिसलं नाही हे कळत नव्हतं. कोरं पान काढलं तर पाचवं सेमिस्टर उरत नव्हतं. शेवटी मी माझ्या काविळीची सगळी वाक्यं काढून टाकली. मॅडमना न दाखवता पाठवून दिलं.

प्रवेश मिळाला, हे इथेच सांगून टाकते. कळमनुरीच्या लोकांनी मात्र सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि नंतर काही कळवलं नाही. दादा आईला एका शब्दाने बोलला नाही.

मुलाखत ऑनलाइन होती. गावीच दिली, आतल्या खोलीत खुर्ची टाकून. पडद्यावर तिघं होते. पाचव्या सेमिस्टरबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही; वाचलं असावं. त्यातले एक वयस्कर सर चौथ्या सेमिस्टरवर अडले. इथे दोन पेपर कमी दिसतात, याचं कारण कुठे दिलेलं नाही, ते म्हणाले.

"तेव्हा मलाही तोच आजार होता, सर."

"मग ते लिहिलं का नाही? ते तर सरळ कारण होतं."

जागा पुरली नाही, असं मी सांगणार होते. तेही खरंच होतं.

"मला बघायला घरात सगळे होते, सर," मी म्हणाले. "म्हणून मी बरी झाले. त्याचं काय स्पष्टीकरण देऊ?"